अंगठा न्हाय म्हनतो

मे महिन्याच्या दुपारी, अंगाची लाही होत असताना, दोन्ही हातांत शाळकरी पोरांचे पांढरे पायमोजे चढवून एखादी बाई ओटीवर बसलेली दिसली, तर माणूस एक तर हसतो, नाहीतर दुसरी खोली बघायला जातो. मला दोन्ही परवडण्यासारखं नव्हतं. मला नोकरी लागलेल्या गोडाउनपासून पायी जाता येईल अशी भिवंडीजवळच्या अंजूरला तेवढी एकच खोली रिकामी होती, आणि ती या पायमोजेवाल्या बाईंच्या चाळीत होती.

बाईंनी मला वरून खाली आणि खालून वर पाहिलं.

"शिकलेली हाय का?"

"बी.एस्सी. आहे," मी म्हटलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीचं तोंड पाहिलेलं नाही. आईबाप शहापूरच्या डोंगरपट्ट्यात मजुरी करत आले. त्यामुळे ही अक्षरं मी जरा मोठ्यानेच उच्चारते. अजूनही. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

"मंग भाकरी येत नसंल."

"नाचणीची येते."

"ती काय भाकरी? ती शेनाची गवरी." बाईंनी पायमोज्यातला हात झटकला. "खोली तुजी. पन तांदलाची भाकरी शिकाची. आनि आजपासून तू ग्रॅज्वेट."

आईबापांनी ठेवलेलं माझं नाव अंजूरपुरतं तिथंच संपलं. पुढे सगळी चाळ मला ग्रॅज्वेट म्हणू लागली. पाणी गेलं की "ग्रॅज्वेटला विचारा", वीज गेली की "ग्रॅज्वेटला विचारा". जणू पदवीदान समारंभात मला मोटरपंपाची चावीच दिली होती.

मी त्यांना आजी म्हणायची. कापडाच्या लूमवर ड्युटी करणारे शेजारचे चाचा अम्मा म्हणायचे. बाकीचे भाडेकरू तोंडावर मालकीणबाय म्हणत आणि पाठीमागे मोजेवाली.

मोजे हौसेचे नव्हते. गार पाण्याला हात लागला की त्यांची बोटं आधी मेणबत्तीसारखी पांढरीफटक पडायची, मग निळी, मग लालभडक. एका हळदीला कोणीतरी त्यांच्या हातात बर्फाचं सरबत दिलं आणि बोटांचे हे रंग पाहून वऱ्हाडातल्या एका बाईने त्यांच्या अंगात आलं असं समजून चक्क पायांवर डोकं ठेवलं. बाईंनी डोकं ठेवू दिलं, आशीर्वादही दिला. "कोन आपन होऊन वाकतंय तं आपन कशाला आडवाचा?" असा त्यांचा हिशेब.

थोरल्या मुलाने त्यांना दोन दारांचा भलामोठा फ्रीज आणून दिला होता. त्याला त्या मसणवटा म्हणायच्या आणि हात लावायच्या नाहीत. आतली वस्तू हवी असली की ओटीवर बसून वाट पाहायच्या. जो पहिला दिसेल तो पकडायचा. विजेचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, मतं मागायला आलेला उमेदवार, कुरिअरवाला, कोणीही. "ओ मीटरवाले, जरा आतलं दही कारा." निवडणुकीच्या वेळी एका उमेदवाराने हात जोडत विचारलं होतं, "आई, काय सेवा करू?" त्याला कोलंबीचा डबा काढायला लावला. तो निवडून आला. त्यानंतर मात्र तो फ्रीजपर्यंत कधी पोचला नाही.

त्यांची मुख्य दौलत मात्र कोपरात होती. दोन्ही कोपरांवर आणि काही बोटांच्या टोकांवर टणक गाठी होत्या, हरभऱ्याएवढ्या, तुरीएवढ्या. अधूनमधून एखादी गाठ फुटायची आणि आतून खडूच्या भुकटीसारखं पांढरं काहीतरी यायचं. कधी ओलं, टूथपेस्टसारखं. कधी कण, तांदळाच्या कणीसारखे. हे कण त्या एका रिकाम्या चुन्याच्या डबीत जपून ठेवायच्या आणि पाहुण्यांना दाखवायच्या. दुसऱ्या बायका नवीन पाटल्या दाखवतात त्याच थाटात. चहा आणि डबी एकदमच यायची. पुष्कळांचा चहा तसाच राहायचा.

आता आमच्या चाळीत कोणाला रोग झाला आणि औषध निघालं नाही, असं होत नाही. औषधं रोगाआधीच तयार असतात. चाचांनी डबी उजेडात धरली आणि निदान केलं, "अम्मा, ये पथरी है. पेट में जगह नहीं मिली, तो हाथ से निकल रही है." खाडीपलीकडच्या भगताने सांगितलं, खाडीत भराव टाकून गोडाउनं उठवली, त्याचा हा कोप. मी विचारलं, "मग ज्याने भराव टाकला त्याच्या कोपरातून काय येतं?" त्यावर भगताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बी.एस्सी. म्हणजे एखादं पाप असावं.

सगळ्यांत कमाल केली औषधांच्या दुकानदाराने. बाईंचे सांधे आखडतात हे ऐकून त्याने हाडं मजबूत व्हायच्या गोळ्या दिल्या. कॅल्शियमच्या! जिच्या कातडीतून चुना बाहेर पडतोय तिच्या पोटात हा माणूस रोज दोन वेळा चुना भरत होता, वर "दुधाबरोबर घ्या" म्हणत होता.

पुढे पांढरं म्हणजे कॅल्शियम असतं हे कोणाकडून तरी बाईंच्या कानावर गेलं, आणि त्यांनी पांढऱ्या रंगाशी दावा मांडला. गोळ्या गेल्या, दूध गेलं, पानातला चुना गेला, अंडं गेलं. तांदूळ राहिला, कारण तांदळाशिवाय त्या जगल्या नसत्या. मग मोर्चा भिंतीकडे वळला. चाळीला सफेदी करायची मागणी आली की त्या म्हणत, "भिताडाला चुना मारलात का तो माज्या अंगान शिरंल." खोलीचे पोपडे माझ्या ताटात पडत होते. पांढरे मोजे तेवढे कसे चालतात असं मी एकदा विचारलं. "ते धुवाचे असतात," उत्तर आलं. मी शास्त्र शिकले आहे. मी ताटातला पोपडा काढून टाकला.

अंजूरचं बोअरिंगचं पाणी ज्यांनी वापरलं आहे त्यांना पुढची गोष्ट पटेल. ते पाणी तापवलं की भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, नळांच्या तोंडाला पापुद्रे येतात. प्लंबर येतो, ॲसिड ओततो, थर फसफसून निघून जातो. बाईंनी हे आयुष्यभर पाहिलेलं. एका सकाळी नळ साफ करायला आलेल्या प्लंबरसमोर त्यांनी कोपर पुढे केलं.

"हिथं पन मार जरा."

प्लंबर पळाला, पण बाटली राहिली. मी ड्युटीवर निघाले होते. मी ओरडले, "आजी, ॲसिड चुन्याला खातं तसं कातडीलाही खातं!"

"तुज्या पुस्तकान हाय का तसं?"

"आहे."

"मंग ते पुस्तक शेरातल्या कातडीचं असंल."

संध्याकाळी मी परतले तेव्हा कोपर भाजून लाल झालं होतं. फोड आलेले. चुना जिथल्या तिथे, कातडी तेवढी गेली. "नल साफ निघतो, मी कशी न्हाय निघलं?" असं त्या पट्टी बांधून घेताना पुन्हापुन्हा म्हणत होत्या. दुखण्यापेक्षा अपमान जास्त झाला होता. आपण नळापेक्षा वाईट निघालो, हा.

जमिनीचं सांगितल्याशिवाय अंगठ्याचं सांगता येत नाही.

मी ज्या गोडाउनात संगणकावर स्टॉक बघते ते गोडाउन बाईंच्या नवऱ्याच्या जमिनीवर उभं आहे. लोकांनी घरबसल्या मागवलेले मिक्सर, चपला, पोरांचे लंगोट, सगळं आधी तिथे येऊन पडतं. "तुजा टेबल हाय ना," बाई मला म्हणायच्या, "तिथं आमी भाताच्या रोपासाठी राब भाजाचो." नवरा वारला आणि मुलांनी ती जमीन विकली. बाई अंगठाबहाद्दर. मुलांनी शाई लावली, अंगठा धरला, कागदावर टेकवला. मग दुसऱ्या कागदावर. बाईंना कोणी काही विचारलं नाही आणि बाईंनीही काही विचारलं नाही. त्यांचा अंगठा जन्मभर होच म्हणत आलेला.

उरलं ते चाळीमागचं खाचर आणि चाळ. ते त्यांच्या माहेरचं. भावाने बहिणीचा हिस्सा म्हणून स्वतःहून दिलेलं, आणि आमच्या भागात असा भाऊ म्हणजे पांढरा कावळाच. बाईंच्या एकटीच्या नावावर. दोन गोडाउनांच्या मधे ते खाचर, लग्नाच्या पंगतीत दोन जाड्या पाहुण्यांमधे दबून बसलेल्या पोरासारखं. त्यात बाई भात लावून घेत. त्याच तांदळाच्या त्यांच्या भाकऱ्या. बोटं आखडलेली, टोकाला गाठी, तरी उकड काढून, गरम पाण्याचा हात लावून अशी पातळ भाकरी थापायच्या की तव्यावर ती फुगून वर यायची आणि चाचा म्हणायचे, "अम्मा, ये तो उड़ जाएगी." गरम पाण्यात त्यांची बोटं सुखात असत. मला वाटतं, दिवसभरात तेवढाच वेळ ती त्यांची स्वतःची असत.

मुलांना ते खाचर हवं होतं. एका बिल्डरला दोन गोडाउनं जोडून एक करायची होती.

याच सुमाराला रेशनच्या दुकानात अंगठा ओळखणारं मशीन आलं. बाईंनी अंगठा ठेवला, मशीन लाल झालं. दुसरा ठेवला, लाल. दहाही बोटं झाली. दुकानदार कंटाळून म्हणाला, "आजी, मशीन म्हणतं तुम्ही तुम्ही नाही."

"मी मी न्हाय?" बाई कडाडल्या. "मंग माज्या अंगावर ही साडी कोनाची हाय? तुला तं म्हाईत हाय मी कोन. तुज्या बारशाला मी जेवलंय!"

"मला माहीत आहे हो तुम्ही कोण. मशीनला माहीत नाही."

रांग हसली. बाईंनी पिशवी झाडली आणि पाय आपटत घरी आल्या. बोटांच्या कातडीला ताण येऊन ती गुळगुळीत झालेली, उजव्या अंगठ्याच्या मधोमध गाठ. रेषा दिसणार कुठून? रात्रीपर्यंत त्या सरकारला शिव्या देत होत्या. मी सांगितलं की याला उपाय असतो, मी अर्ज लिहून देते.  त्या उजवा मोजा काढून अंगठा न्याहाळू लागल्या. खूप वेळ.

"ग्रॅज्वेट," त्या शेवटी म्हणाल्या, "जमिनीच्या हापिसात पन असंच मशीन असतं का गं?"

"असतं."

"र्‍हाऊ दे तुजा अर्ज."

मुलांनी खाचर विकायला बाईंना रजिस्ट्रारच्या कचेरीत नेलं, तो पहिला दिवस मी पाहिला नाही, पण बाईंनी तो ओटीवर इतक्या वेळा करून दाखवला की मी होते असंच मला वाटतं. अंगठा ठेवला, लाल. कारकून म्हणाला, जोरात दाबा. दाबला, लाल. धाकट्याने आईचा अंगठा आपल्या तेल लावलेल्या केसांवर घासला, थोरल्याने स्वतःच्या शर्टाला पुसला. लाल. डोळ्यांचं मशीन आणवलं, तर बाईंचे डोळे तेवढ्यापुरते असे पाणावले की सारख्या पापण्या मिटू लागल्या. शेवटी कारकुनाने सांगितलं, हाताचा इलाज करून आणा, मग बघू.

"मी कुटं न्हाय म्हनतंय?" बाई मुलांना म्हणाल्या. "मी तं कवाच तयार हाय. अंगठा न्हाय म्हनतो, त्याला मी काय करू?"

आणि मग अंजूरने कधी पाहिली नव्हती अशी मातृभक्ती सुरू झाली. थोरल्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं. ती गाडी एरवी दिवाळीला दिसायची, ती आता रोज सकाळी दारात. ज्यांनी जन्मात आईचे पाय चेपले नव्हते ते दोघे ओटीवर बसून आळीपाळीने तिचा अंगठा चेपत. ग्लिसरीन आलं, खोबरेल आलं, परदेशी मलम आलं. "आये, कसा हाय अंगठा?" हा फोन दिवसातून तीनदा. आई कशी आहे, हे विचारायचं राहून जायचं. चाचा मला हळूच म्हणाले, "बेटा, ऊपरवाला ऐसी औलाद सबको दे. लेकिन पहले ऐसा अंगूठा दे."

बाई सगळं करून घेत. मुलं गेली की साबणाने हात धुऊन मोजे चढवत.

मी सरळ बोलणारी आहे. मी म्हटलं, "आजी, द्यायची नाही तर तोंडाने नाही म्हणा ना."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ग्रॅज्वेट झालीस, पन आक्कल न्हाय आली. पोटच्या पोरांना न्हाय म्हनलं तं मरताना तोंडान पानी कोन घालंल?"

म्हणजे मामला असा होता. जमीन तर सोडायची नाही, मुलं तर तोडायची नाहीत. मधे उभा एक हरभऱ्याएवढा खडा. तोच बाईंचा वकील.

पण वकील पिकला. बाईंना गाठी सुईने टोकरायची सवय होती. अंगठ्याची गाठ टोकरली, त्यात घाण गेली आणि चार दिवसांत अंगठा वांग्यासारखा सुजून ठणकू लागला. पू आणि चुना मिसळून वाहू लागला. भाकऱ्या थांबल्या. ताप चढला तेव्हा मुलं म्हणाली, फॅमिली डॉक्टरकडे नेतो. मी म्हटलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, कातडीच्या विभागात, आणि मी येणार. इंग्रजी कागद कोण वाचणार? गाडीत मी पुढे बसले. आमच्या वाडीवरून कोणी अशा गाडीत पुढे बसलेलं मला माहीत नाही, म्हणून सांगते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं. त्यांनी पायमोजे पाहिले आणि हसल्या नाहीत. एवढ्यावरच बाई त्यांना वश झाल्या. बोटं वाकवून पाहिली, गिळताना त्रास होतो का विचारलं, छातीत जळजळतं का विचारलं. रक्त तपासलं. हाताचा एक्स-रे काढला. त्यात बोटांच्या हाडांभोवती पांढरे ठिपके, कोणी अक्षता टाकल्यासारखे.

"हे चुन्याने किंवा दुधाने झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातलं कॅल्शियम अगदी बरोबर आहे. मूळ आजार वेगळा आहे; त्याने कातडी घट्ट होते, बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मग अशा दुखावलेल्या कातडीत कॅल्शियम साठतं. कॅल्सिनोसिस क्युटिस म्हणतात याला."

"कालसीन," बाई म्हणाल्या. नाव मिळाल्याचा त्यांना आनंद झाला. निनावी रोग म्हणजे बिनबापाचं पोर.

"हात गरम ठेवायचे. मोजे उत्तम."

बाईंनी माझ्याकडे, मग मुलांकडे, मग रांगेतल्या अनोळखी पेशंटांकडे वळून पाहिलं. एवढी विजयी नजर मी निवडून आलेल्या त्या उमेदवाराचीही पाहिली नव्हती.

"गाठी विरघळवणारं खात्रीचं औषध नाही. रक्तवाहिन्या सैल करणारी एक गोळी देते, काहींना तिने फरक पडतो. सुईने टोकरायचं नाही, ॲसिड तर अजिबात नाही." माझ्या सांगण्यावरून हे वाक्य आलं होतं. "पण हा अंगठा उघडून साफ करावा लागेल. आतला खडा काढू. नाही काढला तर पू हाडापर्यंत जाईल, आणि मग बोटच काढायची वेळ येईल."

थोरल्याने लगेच विचारलं, "मॅडम, रेषा परत येतील ना?"

"कसल्या रेषा?"

"अंगठ्याच्या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सूज उतरली, जखम नीट भरली, की बऱ्याचशा दिसाव्यात."

बाईंचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंना वाटलं, ऑपरेशनची भीती. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका आजी, बोटापुरतंच बधिर करू."

"न्हाय मी घाबरत," बाई म्हणाल्या. "दोन दिस द्या."

त्या दोन दिवसांत त्यांनी उजव्या हातातला मोजा काढलाच नाही. ठणका मारत होता. दुसऱ्या संध्याकाळी मला हाक आली. खोलीत उकडीचा वास. परातीत पीठ, आणि बाई एकट्या डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न करत होत्या. भाकरी एका बाजूने जाड, एका बाजूने फाटलेली.

"अंगठा ठेवला तं जमीन जाते," त्या परातीकडे बघत म्हणाल्या. "जमीन ठेवली तं अंगठा जातो. अंगठा जेला का भाकरी जेली. मंग तांदूल पिकवून काय करू? गोडाउनान भरू?"

 माझ्या पुस्तकात हे नव्हतं. मी हात धुतले, परात ओढली आणि थापायला बसले. माझी भाकरी पाहून त्यांनी कपाळावर पिठाचा डावा हात मारला.

"न्हाय, न्हाय. हिच्या भरवशावर न्हाय र्‍हाता येत. चल, कापून घेऊ."

अंगठा साफ झाला. खडा निघाला तो जेमतेम मुगाएवढा. बाईंनी तो मागून घेतला आणि डबीत टाकला. टाके, पट्टी, गोळ्या. जखम भरायला फार वेळ लागला, कारण अशा बोटांना रक्तच कमी पोचतं. थोरला रोज पट्टी उचकून रेषा उगवल्या का बघायचा, रोपाला मोड आला का बघावं तसा. पुढे तर्जनीत दुसरी गाठ आली. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं, हा आजार घर सोडत नाही. पण ते पुढे. भाकऱ्या मात्र आधी सुरू झाल्या, आणि त्या आठवड्यातच मुलांनी कचेरीची वेळ घेतली.

या वेळी बाईंनी अट घातली, "ग्रॅज्वेट संगती पायजे. कागद वाचाला." धाकटा म्हणाला, "आये, भाडेकरूचं काय काम?" बाई म्हणाल्या, "मंग तू वाच मराठीन." धाकटा इंग्रजी शाळेत नापास झालेला होता. मी गेले.

कचेरीत पंखा होता, वारा नव्हता. बिल्डरचा माणूस कोपऱ्यात पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून बसला होता. मी कागद बाईंना सगळा वाचून दाखवला. खाचर, चाळ, विहीर, बांधावरचं जुनं, सावलीचं भेंडीचं झाड, सगळं त्यात होतं. बाई मान हलवत होत्या. मग कारकुनाने बोलावलं. त्यांनी मोजा काढला, तो माझ्या हातात दिला आणि अंगठा काचेवर ठेवला.

हिरवं.

पहिल्याच खेपेला. थोरल्याने देवाला हात जोडले. पेढ्यांच्या बॉक्सची दोरी सुटली. बाई त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या. भर कोर्टात वकील उलटून गेल्यावर माणूस बघेल तशा.

मग एक अशी गोष्ट झाली जिचा दोन्ही मुलांनी विचारच केला नव्हता, कारण मागच्या वेळी प्रकरण तिथवर पोचलंच नव्हतं. रजिस्ट्रारसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि रोज शंभर जणांना विचारतात तसं, जांभई देत विचारलं, "आजी, हा दस्त तुम्ही समजून उमजून, राजीखुशीने करून देताय ना? कबूल आहे?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. हा प्रश्न कोणाला आहे, ते बघायला. त्यांना या जमिनीबद्दल, किंवा कुठल्याच जमिनीबद्दल, कोणी तोंडाने कधी विचारलंच नव्हतं.

"मना इचारतायसा?"

"तुम्हालाच. तुमची जमीन आहे ना?"

पंखा करकरत होता. बाईंनी अंगठा पदराला पुसला.  साहेबांनी पुन्हा विचारलं, "कबूल?"

"न्हाय."

साहेबांची जांभई अर्ध्यात थांबली. थोरला पुढे झाला. "आये! आगं हो म्हन. साहेब, तिला ऐकायला कमी येतं. ती आजारी आहे, तिला कळत नाही. ती..."

"गप र्‍हा!" बाई म्हणाल्या.  "आत्ताच मशीन बोललं ना, मी मीच हाय? हिरवं झालं ना? मंग मीच बोलतंय. न्हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजींना कबूल नाही. पुढचे या."

पेढ्यांच्या बॉक्सला पुन्हा दोरी बांधली गेली.

बाहेर मुलं आईला तिथेच सोडून गाडीत बसली. दारं धाडकन लागली, गाडी निघाली, आणि मागच्या काचेवरचा 'आईचा आशीर्वाद' भिवंडीच्या धुरळ्यात दिसेनासा होईपर्यंत आई फुटपाथवर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मी रिक्षा थांबवली.

 रिक्षात मी मोजा पुढे केला, तर त्यांनी घेतला नाही. उघडा अंगठा मांडीवर तसाच ठेवून बसल्या. रडत असतील असं वाटून मी तिकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. रडत नव्हत्या. पण आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावात उतरल्यासारखा चेहरा होता.

"ग्रॅज्वेट."

"बोला आजी."

"आता पानी कोन घालंल?"

 मी म्हटलं, "मी घालीन."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, वरून खाली आणि खालून वर, मी खोली बघायला आले होते त्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"घाल," त्या म्हणाल्या आणि मोजा ओढून घेऊन हातात चढवू लागल्या. "पन कोंबट घाल. तुमा शिकलेल्यांचा भरवसा न्हाय, फ्रीजातलं आनशील."